चपलांकडे पाहणारे गणपती

पेण ते रोहा या पट्ट्यात पाठदुखीवर आमच्या साडूंच्या तोलाचा माणूस नाही. डॉक्टर आहेत, पण ते साडूंच्या मते अजून शिकताहेत. साडू पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात आखणी करतात, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवतात. वीसेक वर्षं जमिनीवर मांडी ठोकून, मूर्तीसमोर ओणवं होऊन हे काम केल्यावर कोणाचीही पाठ धरेल. फरक इतकाच, की इतरांची पाठ दुखते आणि साडूंची गाजते. नव्या माणसाला ते आधी पाठ सांगतात, मग नाव. एमआरआयचं भलंमोठं पाकीट काखेत मारून ते लग्नाला येतात आणि फिल्म खिडकीकडं धरून चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली दबलेली गादी अशा कौतुकानं दाखवतात, की समोरच्याला वाटावं, घरात कोणीतरी बोर्डात आलंय. शेजारच्या वहिनी एकदा सहज म्हणाल्या, "माझी पण पाठ भरून येते हो, भावोजी." साडूंनी त्यांना तिथंच थांबवलं. "वहिनी, तुमची ती कंबर. पाठ वेगळी."

फार वेळ बसवत नाही म्हणून ते कुठंही आडवे होतात. जागा मात्र ठरलेली, दाराशी. उठताना चौकट धरता येते. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात ते चपलांच्या शेजारी चटई टाकून पडले आणि तिथूनच भटजींना सूचना देत राहिले. मुलाकडची मंडळी त्यांना ओलांडून आत आली. त्यांतल्या एका आजींनी वाकून विचारलं, "बरं नाय का वाटत?" साडू म्हणाले, "मला बरं हाय. पाठीला नाय." उपायही सगळे झाले. नागोठण्याचा मालिशवाला झाला, कोलाडजवळ पायानं तुडवून घेणं झालं, पट्टा झाला, फळीवर झोपणं झालं. प्रत्येक उपायाचा ते पहिल्या आठवड्यात प्रचार करत आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच्याविरुद्ध साक्ष देत. मणक्यात इंजेक्शन घेणाऱ्यांना तर ते उघड भित्रे म्हणत.

मग एका श्रावणात त्यांना अर्धा तासही बसवेना. चतुर्थी जवळ आली होती आणि कारखान्यात मूर्ती डोळ्यांवाचून रांगेत उभ्या होत्या. मालकानं सरळ सांगितलं, "आठ दिवसांत बसला नाहीस तर हमरापूरहून माणूस आणतो." आपल्या रांगेतल्या मूर्तींना दुसऱ्याच्या हातचे डोळे लागणार, हे साडूंना कुठल्याही दुखण्यापेक्षा झोंबलं. त्यांनी मला रोह्याला फोन केला. "तुमच्याकडचा तो सुईवाला डॉक्टर कसा हाय?"

त्यांना आणायला मी पेणला गेलो. परतताना एसटीत ते मागच्या लांब बाकावर डोळे मिटून आडवे होते आणि खड्ड्यांवरून गावं सांगत होते. "हा कासूचा. आता नागोठणं येईल, दोन लागोपाठ." दोन लागोपाठ आले. रोह्याच्या दवाखान्यात त्यांना पालथं झोपवलं. मला दाराशी उभं राहायची परवानगी मिळाली. डॉक्टरांनी सुई हातात घेतल्याबरोबर टेबलावरून आवाज आला, "डॉक्टर, मनगट टेकवा. टेकवल्याशिवाय रेष सरळ येत नाय."

"तुम्ही बोलू नका. बोललात की हलता."

"मी हललो तरी चालंल. तुम्ही हलू नका, खाली पाठ माझी हाय."

डॉक्टरांनी मनगट टेकवलं, हे मी स्वतः पाहिलं. काम झाल्यावर त्यांनी विचारलं, "कसं वाटतंय?" साडू म्हणाले, "हात चांगला हाय तुमचा. घाई करता." डॉक्टरांनी तेवढ्याच गंभीरपणे बजावलं, की आराम पडला तर काही आठवडे टिकेल, कायमचा नाही, आणि वाकून किंवा तिरकं बसाल तर तोही जाईल.

चौथ्या दिवशी दुखणं गेलं. साडू कारखान्यात ताठ बसले. डॉक्टरांना ते आता 'आमचे डॉक्टर' म्हणू लागले. दोन दिवसांत बावीस मूर्तींचे डोळे झाले. तिसऱ्या दिवशी त्यांची बायको, म्हणजे माझी मेहुणी, दागिन्यांना सोनेरी लावायला आली आणि रांगेसमोर थबकली. "अहो, हे सगळे दाराशी चपलांकडं का बघतायत?"

"तू वाकडी उभी हायस."

"मी सरळ हाय. तुम्ही पण सरळ बसलायत, तिथंच घोळ झालाय."

तिचं खरं होतं. वर्षानुवर्षं दुखरी बाजू सांभाळत ते डावीकडं कलून बसत आले होते आणि हाताला ते कलणं धरूनच रेष ओढायची सवय लागली होती. पाठ सरळ झाली आणि बावीस गणपतींची नजर एकजात उजवीकडं, जरा खाली गेली. मी पोचलो तेव्हा साडू प्रत्येक मूर्तीसमोर उभे राहून पाहत होते. पाकीट काखेत नव्हतं. मग त्यांनी उजव्या मांडीखाली फळीचा तुकडा सरकवला, मुद्दाम डावीकडं कलले, चुकलेले डोळे पांढऱ्यानं पुसले आणि पुन्हा आखायला घेतले. डॉक्टरांनी काय बजावलं होतं, त्याची मी आठवण करून दिली. ते म्हणाले, "डॉक्टरांनी सुई टोचायची तिथं बरोबर टोचली. माझी रेष चुकली, ती मी बघतो." काही आठवड्यांचा आराम त्यांनी नऊ दिवसांत संपवला. हमरापूरचा माणूस आला नाही.

गणपतीत तिसऱ्या दिवशी मी पेणला त्यांच्या घरी गेलो. साडू दाराशी चटईवर आडवे होते आणि पाकीट उशाला होतं. मखरातली मूर्ती पाहून मी थांबलो. बावीसांतली एक त्यांनी पुसली नव्हती. ती समोर हात जोडणाऱ्या कोणाकडेच बघत नव्हती. सगळ्यांना चुकवून ती उजवीकडं, जरा खाली, दाराकडं बघत होती.

"ही का ठेवली?" मी विचारलं.

चौकट धरून थोडं उठत साडू म्हणाले, "बाकीच्यांनी समोर उभं राहायचं. मी कुठं असतो, ते ह्याला ठाऊक हाय."

मी चपला काढल्या, त्या नजरेच्या आड येणार नाहीत अशा बाजूला सरकवल्या, आणि पहिल्यांदाच त्यांना ओलांडून न जाता त्यांच्या शेजारी बसलो.