बुचाची जमीन

रॉइस हाउगेनने उभ्या आयुष्यात सरोवरकाठच्या डुलुथ शहरातल्या कितीतरी घरांच्या जमिनी केल्या. गालिचे अंथरले, प्लॅस्टिकच्या फरश्या गोंदावर बसवल्या. त्याआधी जुनी फरशी खरवडून काढावी लागे, आणि त्या काळी तोंडाला फडकंसुद्धा कुणी बांधत नसे. त्या जुन्या फरश्यांत फुप्फुसं पोखरणारं अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, हे जगाला हळूहळू कळलं. रॉइसला कळलं तेव्हा त्याला दहा पावलं चालल्यावर भिंत धरावी लागत होती.

"फुप्फुसं आता सुधारायची नाहीत," डॉक्टरीणबाईंनी सरळच सांगितलं. "घरात धूळ आणि उग्र वास तेवढे टाळा."

रॉइसने पहिलं वाक्य ऐकलं. त्याच्या बायकोने, आर्डिसने, दुसरं.

मी त्यांची शेजारीण. दुसऱ्याच दिवशी आर्डिस माझ्या दारात उभी. "मार्ला, गाडी काढ. घरातले सगळे गालिचे काढून टाकायचेत. नवी जमीन बघायची."

दुकानातला तरुण विक्रेता खुशीत होता. "बांबू घ्या, मॅडम! एकदम निसर्गाचा!"

"बांबू निसर्गाचा आहे रे, पण चिकटवलाय कशानं?"

"ते... कंपनीला विचारावं लागेल."

"विचार की मग. मी इथेच उभी आहे."

ती प्रत्येक दुकानातून तुकडे आणायची. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत तुकडा घालून झाकण घट्ट लावायची, बरणी उन्हात ठेवायची आणि संध्याकाळी रॉइसच्या नाकाशी उघडायची. बांबूने त्याला ठसका लागला. जवसाच्या तेलापासून बनणाऱ्या लिनोलियमच्या तुकड्याचा वास त्याला आवडला, पण त्यानेही खोकला थांबेना. मेपल लाकडाच्या साध्या फळीला मात्र काहीच वास नव्हता.

"ही पास," रॉइस म्हणाला. "आता मला सोड. कुत्र्यासारखा हुंगतोय महिनाभर."

मग पुढच्या खोलीतल्या गालिच्याचा कोपरा आर्डिसने उचलला आणि खाली तपकिरी फरश्या दिसल्या. एव्हाना चाकाच्या खुर्चीत बसलेला रॉइस ओरडला. इतकं मोठ्याने ओरडायची ताकद त्याच्यात उरली असेल असं मला वाटलं नव्हतं.

"हात लावू नकोस! तीच फरशी आहे ती, अ‍ॅस्बेस्टॉसवाली."

"मग मेपल?"

"मेपलला खिळे लागतात. त्यात खिळा मारायचा नाही, खरवडायचं नाही. आहे तशी राहू दे, वरून झाक."

म्हणून शेवटी बुचाच्या, म्हणजे बाटलीचं बूच करतात त्या सालीच्या, फळ्या आल्या. त्यांना गोंद लागत नाही, खिळा लागत नाही, एकमेकींत अडकवल्या की झालं. बरणीतही त्या पास झाल्या. जानेवारीत, सरोवरावरून हाडं गोठवणारा वारा येत असताना, आर्डिस धूळ घरात नको म्हणून गॅरेजमध्ये फळ्या कापायची आणि आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून त्या अडकवायचो.

"हळू ठोक गं," रॉइस सांगायचा. "ती फळी आहे, नवरा नाही."

"नवऱ्याला ठोकलं असतं तर एव्हाना सरळ झाला असता."

एकदा ती गॅरेजमध्ये असताना त्याने मला जवळ बोलावलं.

"मार्ला, सोन्याची जमीन घातली तरी मला आता फरक पडायचा नाही. पण तिला थांबवू नकोस. हातात काम आहे तोवर ती रडत नाही."

मी मान हलवली.

पुढची खोली झाली. रॉइसने मोजे काढून पाय फळ्यांवर टेकवले आणि बराच वेळ तसाच बसला. "ऊबदार आहे," म्हणाला. आर्डिसने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तो बरा झालाच.

त्याच आठवड्यात त्याचे ओठ निळे पडले. दवाखान्यात नळ्या लावल्या, बदलल्या, मग काढल्या. शेवटपर्यंत आर्डिस डॉक्टरीणबाईंना विचारत होती, "झोपायची खोली आधी केली असती तर? तो तिथेच जास्त झोपायचा ना!"

"नाही हो," त्या म्हणाल्या. "कुठलीच जमीन काही करू शकली नसती."

मला ते ठाऊक होतं, रॉइसलाही होतं. ते वाक्य आर्डिसने माझ्यासमोर ऐकलं. त्यानंतर तिने काही विचारलं नाही.

झोपायच्या खोलीत जुना गालिचा अजून तसाच आहे, रॉइसने लग्नानंतर स्वतः अंथरलेला. रॉइस गेल्यापासून आर्डिस पुढच्या खोलीत सोफ्यावर झोपते. उरलेल्या फळ्यांची खोकी गॅरेजमध्ये होती. बर्फ वितळताना पाणी आत शिरलं आणि फळ्या फुगून वाकड्या झाल्या.

"नव्या मागवू," मी म्हटलं. "दोघी मिळून एका दिवसात उरकू."

"कुणासाठी?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "तुझ्यासाठी." खोकी कचऱ्याच्या गाडीसाठी रस्त्याकडेला न्यायची होती. तिने एक खोकं एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने.