ठिपक्यांभोवतीच्या लाल कड्या

कुसुम आठल्ये. मी आज जो कोणी आहे, तो या बाईंमुळे. गेल्या महिन्यात बेसिंगस्टोकहून त्यांच्या यजमानांचा, डॉक्टर आठल्यांचा फोन आला, "अरे, कुसुम गेली..." आठवड्याभराने आमच्या विभागाच्या पत्रकात त्यांच्यावर दोन ओळी छापून आल्या. सुंदर हस्ताक्षराच्या, मदतीला तत्पर सहायक. बस्स! त्या ओळी वाचून माझं डोकं फिरलं, म्हणून हे लिहितो आहे.

परांड्याच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर असा मी ऐंशीच्या दशकात केंब्रिजला आलो. नोकरी हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या फांद्यापानांच्या संग्रहात. पुण्याहून एम.एस्सी. झालेल्या कुसुमताई नवऱ्याच्या हॉस्पिटलातल्या नोकरीमुळे इंग्लंडात आल्या आणि त्या संग्रहात कायम सहायकच राहिल्या. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "घाबरतोस काय? इथल्यांना तरी कुठे झाडांची सगळी नावं पाठ आहेत? आणि उद्या तो टाय नको. लग्नाला आल्यासारखा दिसतोस." पुढे कित्येक वर्षं, रोज लंचच्या वेळी, माझा प्रत्येक अहवाल त्यांनी ओळ न् ओळ तपासून दिला.

नव्वदच्या दशकात एका पाइनचं काम आमच्याकडे आलं. अमेरिकेच्या पश्चिमेकडचा, पार डोंगरमाथ्यांवर वाढणारा, पांढरट सालीचा वृक्ष. धोक्यातल्या झाडांच्या यादीत त्याला घ्यायचं का, हे एक समिती ठरवणार होती आणि नकाशा आम्ही द्यायचा होता. रीत अशी, की जुना नमुना जिथून आला तिथे एक ठिपका. ठिपके दूरवर पसरलेले, म्हणजे झाड सुखरूप. ताईंना हे पटेना. युरोपातून रोपांबरोबर तिकडे गेलेला तांबेरा हा बुरशीचा रोग ही झाडं मारत सुटला होता. त्यांनी एकेका ठिकाणच्या वनरक्षकाला पत्र लिहून विचारलं, झाडं आहेत का? उत्तरं येत गेली. आहेत, पण मेलेली. नुसते पांढरे बुंधे उभे... बिया नाहीत म्हणून त्या पुरून ठेवणारा पक्षी फिरकत नाही, आणि पक्षी नाही म्हणून नवं रोप नाही. अशा प्रत्येक ठिपक्याभोवती ताई लाल शाईने कडी काढत.

बैठकीत आमचे प्रमुख हसले. "मिसेस आठल्ये, पत्रं म्हणजे पुरावा नव्हे."

"म्हणजे आजोबांच्या काळातली वाळकी फांदी पुरावा, आणि आज तिथे उभा असलेला माणूस खोटा?"

मी मान खाली घालून वहीत लिहीत राहिलो. प्रमुखांनी मला कड्यांशिवाय नवा नकाशा काढायला सांगितला. माझा करार संपत आला होता. मी काढला. झाडाला धोका नाही, असं ठरलं. ताई नकाशा बघून म्हणाल्या, "रेघ सफाईदार आलीय हो. मीच शिकवली ना?" त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या.

त्या दोन ओळी लिहिणाऱ्यांचा मला संताप येतो. पण त्यांना ताई ठाऊकच नव्हत्या. मला होत्या! माझ्या गप्प बसण्याला मी इतकी वर्षं नम्रता म्हणत आलो. मान खाली घालून राहायला ताईंनी तर मला कधी शिकवलं नव्हतं.

शेवटी या वसंतात, ताई हॉस्पिटलात असताना, मी त्यांना पत्र लिहिलं. डॉक्टर आठल्यांनी ते त्यांना वाचून दाखवलं आणि मला फोनवर सांगितलं, "म्हणाली, गाढवाला आत्ता सुचलं! मग म्हणाली, अहो, परत वाचा." समितीने अजून काही कळवलेलं नाही. दर वेळी वाढत आलेला माझा करार यंदा वाढवणार नाहीत, हे मात्र लगेच कळलं. ते पत्र असं होतं:

ती. ताईंस सा. न.

कड्या असलेला तुमचा नकाशा काल समितीला पाठवला, तुमच्या नावाने. सोबत वनरक्षकांच्या सगळ्या पत्रांच्या प्रती. खाली लिहिलं आहे, की आधीच्या नकाशातून कड्या मी गाळल्या, आणि त्या खऱ्या आहेत हे ठाऊक असताना गाळल्या. एक प्रत आताच्या प्रमुखांच्या टेबलावर ठेवली आहे.

तीन ठिकाणांहून तुम्हाला उत्तर आलं नव्हतं. तिथे मी पुन्हा लिहिलं आहे. ती झाडं जिवंत असली तर तसं, नसली तर तसं, आधी तुम्हाला कळवीन.

आपला,
दत्ता