चतकोराची टोपी

सोजरमावशी वर्ग झाडत, पण कागद झाडत नसत. हस्तकलेचा तास संपला की आधी खाली बसून तुकडे वेचत, मांडीवर घेऊन तळव्यानं सरळ करत आणि मगच झाडू हातात घेत. "आपन चुकीचं कापलं, त्यात कागदाचा काय कसूर?" असं म्हणत. चुकीचं कापणारी बहुतेक वेळा मीच असे.

गारखेड्यात तेव्हा नव्यानं निघालेल्या एका शाळेत मी हस्तकला शिकवत होते. आमच्या घरात दोन पिढ्या कारकुनी. हातानं करायचं एकच काम आम्हांला येई, ते म्हणजे लिहिणं. तरी मी पदविका मिळवली होती आणि चौकटीत घालून वर्गात लावली होती. चौकट तेवढी मला शेवटपर्यंत सरळ टांगता आली नाही.

एका वर्षी स्नेहसंमेलनात परदेशी गोष्टीवरचं नाटक ठरलं. त्यात बारा चेटकिणी होत्या. त्यांच्या काळ्या, टोकदार, रुंद काठाच्या टोप्या माझ्या वाट्याला आल्या. गुलमंडीवरून मी काळ्या जाड कागदाचे मोठे ताव आणले, ऐटीत त्रिकोण कापला आणि गुंडाळला. टोपी एका बाजूनं कपाळावर टेकली, दुसऱ्या बाजूनं थेट खांद्यावर. चार ताव वाया गेल्यावर मी कागद हलका असल्याचं जाहीर केलं.

सोजरमावशी दारात उभ्या होत्या. "बाई, कशाची टोपी म्हनायची ही?"

"चेटकिणीची."

"चेटकिनीला टोपी असती व्हय?"

"तिकडच्या चेटकिणींना असते," मी जाणकाराच्या आवाजात सांगितलं.

"बरंय त्यांचं. आमच्या गावात बिनटोपीची असती. मंग लोकं कुनालाबी धरत्यात."

मी मोठ्यानं हसले. विनोद आपल्याला लगेच कळला, याचं मला कौतुकही वाटलं.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी पेन्सिलीला दोरा बांधून कागदावर मोठा गोल काढला. "तिकोनाची टोपी व्हत नाय, बाई. भाकरीवानी गोल कापा अन् तिचे चार चतकोर करा. एका चतकोराची एक टोपी." त्यांनी चतकोर गुंडाळला, टोपी उभी राहिली. खालच्या कडेला कात्रीनं दातरे पाडले, बाहेर वळवले आणि काठ चिकटवला. तीन गोलांत बाराही टोप्या निघाल्या.

मुलांना तर वेडच लागलं. "उलटी धरली की शेंगदान्याची पुडी. एकावर एक ठिवा, झाड झालं. उगं टोपी टोपी काय करता?" मावशी सांगत आणि मुलं करत. संमेलनाआधीच्या प्रदर्शनात आमच्या वर्गात कागदी झाडांचं अख्खं रान उभं राहिलं. पाहुण्यांनी विचारलं, "कल्पना कुणाची?" मी म्हणाले, "शंकूच्या भूमितीवर मी बराच विचार केला होता." मावशी शेजारीच पाण्याचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ट्रे पाहुण्यांपुढे धरला.

नाटकाच्या दिवशी पडद्यामागं एका मुलीनं त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि ओरडली, "सोजरमावशी चेटकीण!" सगळे हसले. मीही. मावशींनी टोपी काढली, काठ दुमडणार नाही अशी खाली ठेवली आणि नळावर गेल्या. मी मागोमाग गेले. त्यांची काळजी वाटून नव्हे. एका टोपीचं टोक सुटलं होतं, म्हणून.

त्या तोंड धूत होत्या. "बाई, मालक गेले. मंग दिराचं पोरगं आजारी पडलं. गावानं मला हेच नाव ठिवलं. पोरीला काखंत घेऊन इथं आले. नाव तिथंच ऱ्हायलं असं वाटलं व्हतं."

माझ्या हातात ती सुटलेली टोपी होती. ती पुढं करत मी विचारलं, "मग या टोप्या तुम्ही केल्यात तरी कशा?"

"काय करता? तुमी लई कागद नासवत व्हता."

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापिकांकडे गेले. भाषण पाठ केलं होतं, तोंडातून एवढंच निघालं, "टोप्या माझ्या नाहीत." त्यांना वाटलं, मी टोप्या हरवल्या. खरं काय ते सांगायला अर्धा तास लागला. मग शुक्रवारचा तास सोजरमावशी घेऊ लागल्या आणि मी मागच्या बाकावर मुलांत बसू लागले. पहिल्याच तासाला त्यांनी माझ्या हातातली कात्री काढून घेतली.

निवृत्त झाल्यावर त्या करमाडला लेकीकडे राहायला गेल्या. तिथंच वारल्या. मी लेकीला भेटायला गेले तेव्हा घरात आठ-दहा बायका बसल्या होत्या. तिनं मला त्यांच्यासमोर बसवलं आणि म्हणाली, "ह्याच त्या बाई. आई सांगायची, सोताची खुर्ची बाईंनी मला दिली. कुनी म्हनलं नाय, आपनहून दिली."

प्रदर्शनाच्या दिवसाचं सांगायला मी तोंड उघडलं. बायका आदरानं बघत होत्या. मी तोंड मिटलं आणि मान खाली घातली. त्यांना तो माझा विनय वाटला.