पाहुण्यांचं पार्किंग

लोणावळ्यात गाडीत झोपायचं असेल तर पर्यटक व्हावं लागतं, हे मला लवकरच कळलं. कुसगावातली आमची खोली मालकाला शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी हवी होती. इतकी वर्षं त्याच्या पोरांना मी फुकट गणित शिकवलं, आणि त्याने आठवड्यात सामान उचलायला लावलं. लाज कशी ती नाही. तळेगावात ठरवलेली खोली रिकामी व्हायला अजून महिना होता. तोवर मी, आई आणि माझी जुनी व्हॅन.

दिवसा मी शाळेत शिकवायचे, आई देवळाच्या मंडपात बसायची. संध्याकाळी जागा शोधायची. उजेड हवा, माणसांची ये-जा हवी, गाडीचं तोंड रस्त्याकडे, किल्ली हाताशी, काचा बोटभर खाली. हे सगळं जमलं. अडलं ते आईच्या गुडघ्यांपाशी. तिला उकिडवं बसता येत नाही, कमोडच लागतो. तसा संडास जुन्या हायवेवरच्या एका हॉटेलच्या पार्किंगला लागून होता. तिथे पर्यटकांच्या गाड्यांना रात्री कोणी हटकत नसे. म्हणून मी डॅशबोर्डवर चिक्कीचे बॉक्स मांडले, आईला उन्हाची टोपी घातली आणि वॉचमनशी चक्क हिंदीत बोलले. त्याने सलाम ठोकला. स्वतःच्या गावात मी ही सोंगं करत होते! पण आई हवं तेव्हा जाऊन यायची आणि शांत झोपायची.

तिला मात्र गप्प राहणं जमत नाही. इथल्याच डोंगरातल्या आंदर मावळातली बाई ती. समोरच्याला गाव विचारल्याशिवाय तिला चैन पडत नाही. एका संध्याकाळी मी चहा घेऊन परतले, तर तिने वॉचमनला गाठलेलंच.

"कुटल्या गावचा रं तू?"

त्याने गाव सांगितलं. आईचा चेहरा फुलला. "आगं बया! माजी भन तुज्याच गावात दिलीया की!"

तो हसला, वाकून तिच्या पाया पडला. मग एकदम थांबला. "म्हंजी तुमी हितल्याच? मला वाटलं पावनं हाईत."

"हितल्याच की. न्हाईतर काय?"

"मग गाडी काढा, मावशी. हितल्यांना रातचं ठिवायचं न्हाई, मालकानं सांगितलंय. माजी नोकरी जाईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोंगर आमचे, धबधबे आमचे, पाहुण्यांची उष्टी आमच्या बायांनी काढायची, आणि रात्री गाडी लावायची तर म्हणे इथले नकोत! मी त्याला नाही नाही ते बोलले. आईनेच माझा दंड धरला. "चल. त्येचं प्वाट हाय ह्येच्यावर."

त्यानंतर आम्ही पेट्रोल पंपाशेजारी गाडी लावू लागलो. तिथला संडास रात्री कुलूपबंद. रोज सकाळी आईची पाण्याची बाटली न पिता तशीच भरलेली दिसायला लागली. मी ओरडले, तर म्हणाली, "पानी प्यालं की जावं लागतं." पुढे लघवीला जळजळ, ताप, सुया. त्या दोन्ही मालकांचं काय गेलं?

आता तळेगावात आहोत. कमोड आहे, दाराला आतून कडी आहे. परवा संध्याकाळी मी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. तिने तो हळूच माझ्याकडे सरकवला.

"रातचं गेल्यालं मालकाला चालतंय का," ती म्हणाली, "त्ये आदी इचार."