हरभऱ्यातली हरणं

नोकरीमुळं मी शहरात, मुकुंदवाडीत राहतो, पण शनिवार-रविवार वैजापूरजवळच्या आमच्या शेतावर असतो. तिथं दादा-वहिनींनी पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्यात. माळावर काळविटांचे कळप आहेत, ते दाखवायचं काम माझं.

मागच्या हिवाळ्यात एका निवृत्त गृहस्थांचा फोन आला. "तुमच्याकडं हरणाच्या शिकारीला नेतात का?"

"काका, शिकार कधीचीच बंद झाली. नुसतं बघायला नेतो."

"मग येतो," ते म्हणाले. आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं.

काका-काकू शुक्रवारी संध्याकाळी आले, मीही आलो होतो. दुसऱ्या दिवशी पहाटेच दोघांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून मी माळावर नेलं. ट्रॅक्टरला हरणं बुजत नाहीत. पण त्या दिवशी माळ अगदी मोकळा. एक टिटवी तेवढी आमच्यावर ओरडत राहिली. मी ओशाळलो.

काका मात्र गप्पांत रमले. लहानपणी वडील त्यांना जीपमधून शिकारीला न्यायचे. "ते बंदूक उचलायचे अन् मी डोळे गच्च मिटायचो. उघडायचो तेव्हा हरीण पडलेलं असायचं. पळताना कधी पाहिलंच नाही हो."

काकूंनी त्यांच्या खांद्यावरची शाल नीट केली. मी ट्रॅक्टर घराकडं वळवला.

घराजवळ येतो तर पत्र्याच्या डब्याचा दणदणाट आणि वहिनींचा आवाज. आख्खा कळप आमच्याच हरभऱ्यात उतरला होता! वहिनी पदर खोचून डबा बडवत धावत होत्या. "हाड्! मुडद्यांनो, सारं शेत खाल्लं की!"

कळप उधळला. आधी माद्या, मग पिल्लं, आणि शेवटी काळाभोर नर. बांधावरून त्यानं अशी उडी घेतली की क्षणभर तो हवेतच थांबल्यासारखा वाटला. काका ट्रॉलीत उभे राहिले होते, डोळे सताड उघडे. गळ्यातला कॅमेरा गळ्यातच राहिला. फोटो काढला तो काकूंनी, मोबाईलवर.

काका टाळ्या वाजवायला लागले. वहिनी कंबरेवर हात ठेवून माझ्याकडं वळल्या.

"भावजी, माझा हरभरा गेला अन् तुमचे पाहुणे टाळ्या वाजवतेत?"

काका खाली उतरले आणि त्यांनी वहिनींना चक्क हात जोडले. "ताई, आजवर एवढं सुंदर काही पाहिलं नव्हतं."

वहिनींचा राग तिथंच विरघळला. काकूंनी दाखवलेल्या फोटोत उडालेलं काळवीट होतं आणि खाली डबा उगारलेल्या वहिनी. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "फोटो काढायचा होता तर धड लुगडं नेसले असते की!"

चहा पिताना काकांनी हळूच विचारलं, "उद्या पण हाकलणार का?"

"आली तर हाकलणारच. तुम्ही बी या, एक डबा तुमच्यासाठी ठेवते."

दुसऱ्या दिवशी काका आमच्याही आधी उठून बांधावर जाऊन बसले होते. कळप आला, आणि वहिनींच्या मागं काकाही डबा बडवत धावले. "हाड्! हाड्!" काकू ओट्यावर बसून पोट धरून हसत होत्या. दादा म्हणाला, "आता असा गडी मिळाल्यावर हरभऱ्याची काळजी नाय."