अडकून पडलेली पिशवी

ती घटना आठवली की आजही घास गोड लागत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण तिथे निदान आरोपी तरी होता.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपून अर्जांवर शेरे मारत बसलो होतो, तेवढ्यात खबर आली की रुग्णालयात बाळंतीण दगावली आणि दारात गर्दी जमली आहे. राळेगावकडच्या बंजारा तांड्यातली तरुण बाई. बाळ वाचलं. हिचा रक्तस्राव थांबेना. तिला लागणारा ओ निगेटिव्ह गट आमच्याकडे नाही असं नवऱ्याला सांगण्यात आलं आणि यवतमाळहून पिशवी पोहोचण्याआधीच ती गेली. मी आकस्मिक मृत्यूची नोंद घेतली, पंचनामा केला, लोकांना समजावून परत पाठवलं.

दुपारी एक रुग्णवाहिकाचालक ठाण्याच्या मागच्या दाराने आला. खबर देणारा पुढच्या दाराने क्वचितच येतो. तो म्हणाला की त्या गटाची पिशवी रुग्णालयातल्या रक्तसाठ्याच्या फ्रिजमध्ये होती, अजूनही आहे. तिथला तंत्रज्ञ पिशव्या दडवून ठेवतो आणि पैसेवाल्यांना विकतो. मी पंच घेऊन गेलो, फ्रिज उघडायला लावला. पिशवी समोरच्याच कप्प्यात होती. नवरा अजून रुग्णालयातच होता, माझ्या मागे येऊन उभा राहिल्याचं मला कळलं नाही. पिशवी बघून तो भिंतीला टेकून खाली बसला. त्या तंत्रज्ञाच्या कानाखाली वाजवावीशी मला वाटली. हात कसाबसा आवरला, नवऱ्याची फिर्याद घेऊन गुन्हा नोंदवला आणि तंत्रज्ञाला ठाण्यात आणलं.

तंत्रज्ञ शहरातल्या कारकुनी घरातला, चाळिशीचा, सरळ भांग पाडणारा. माझा अनुभव असा की खोटं बोलणारा प्रत्येक फेरीत गोष्टीला नवी झालर लावतो. हा संध्याकाळपर्यंत एकच सांगत राहिला.

"साहेब, ते पिशवी दुसऱ्या पेशंटसाठी अडकून होती. मी हो म्हणून बसलो होतो. एकदा हो म्हणलं का मंग आपल्या हाती काही राह्यत नाही."

त्याच्या घराची झडती घेतली, फोनचे तपशील मागवले. विक्रीचा मागमूस नव्हता. पण बाई तळमळत असताना त्याने पुन्हा पुन्हा रक्तसाठ्याच्या यवतमाळमधल्या मुख्य केंद्राला फोन लावले होते. मी तिथल्या संगणक अभियंत्याला ठाण्यात बोलावलं, आणि त्याच्या जबाबात गाठ सुटली.

जिल्ह्यातले रक्तसाठे नुकतेच एका मुख्य संगणकाला जोडले होते. पूर्वी एकच पिशवी दोन रुग्णांना कबूल व्हायची. ते टाळण्यासाठी नवी रीत आली. कुणी रक्त मागितलं की मुख्य संगणक आधी रक्तसाठ्याला आणि रक्त नेणाऱ्या गाडीला विचारतो, तयार आहात का? दोघं हो म्हणाले की पिशवी आणि गाडी दोन्ही अडकून राहतात. मग शेवटचा हुकूम येतो, "द्या" किंवा "सोडा". हुकूम येण्याआधी कुणी मनाने वागायचं नाही, कारण एकाने सोडलं आणि दुसरा निघाला तर सगळाच गोंधळ. त्या दिवशी पहाटे राजूरकडच्या एका जखमी कामगारासाठी मागणी आली. दोघं हो म्हणाले आणि नेमका तेव्हाच मुख्य संगणक बंद पडला. कामगाराला घरच्यांनी परस्पर नागपूरला नेलं. इथे पिशवी हुकमाची वाट पाहत राहिली. अडकलेली पिशवी शिल्लकीत धरत नाहीत, म्हणून बाईच्या नवऱ्याला गट नाही असं सांगितलं गेलं होतं. तंत्रज्ञाने फोन केला की तिकडून एकच उत्तर यायचं, "मागणी पेंडिंग आहे, हात लावू नका."

वैद्यकीय समितीने अभिप्राय दिला: प्रत्येकाने नेमून दिलेलं काम केलं, निष्काळजीपणा आढळत नाही. मी न्यायालयाला 'क' समरी पाठवली, म्हणजे गुन्हा गैरसमजुतीतून नोंदला गेला, तपास बंद. तंत्रज्ञ सुटला, पण त्याने नोकरी सोडली. बाजारात दिसला तर रस्ता बदलायचा.

समरीवर हरकत आहे का, हे विचारणारी न्यायालयाची नोटीस घ्यायला नवरा ठाण्यात आला. तान्ही पोर त्याच्या आईच्या कडेवर. मी त्याला सगळं समजावून सांगितलं.

"आमच्या तांड्यात नायकाच्या शब्दाबिगर काही होत नाही, साहेब," तो म्हणाला. "पण नायक गावाले गेला त कारभारी बोलते. माणूस मरून राह्यलं असन त कोणी ना कोणी बोलतेच. इथं कोणीच काहून नाही बोललं?"

इतकी वर्षं मी समजत होतो की नीट शोधलं तर अपराधी सापडतोच. इथे मी नीट शोधलं. सापडली ती फक्त आपापल्या जागी नियमाने बसलेली माणसं, प्रत्येकजण दुसऱ्याच्या शब्दाची वाट बघत. अशा मरणासाठी कायद्यात कलम नाही. हवालदाराने त्याच्यापुढे पेन धरलं.

"सही केली त कोणी आत जाईन?" त्याने मला विचारलं.

मी नाही म्हणालो. त्याने सही केली, आईकडून पोर घेतली आणि एसटी स्टँडकडे चालू लागला.