इंदूरला राहिलेला डिटेक्टर

होळकरांच्या पलटणीत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्या लांभात्यांच्या घरात मधुरिमा नेमकं काय काम करते हे कुणाला धड सांगता यायचं नाही. "सॅटेलाइट का कुछ करती है," एवढं पाहुण्यांना सांगून तिचे वडील विषय बदलायचे.

काम असं होतं. इंदूरजवळच्या राऊ गावाच्या पुढे एका प्रयोगशाळेत तिने आणि तिचे वरिष्ठ शरदचंद्र भागवत यांनी मिळून एक डिटेक्टर घडवला होता. सूर्याकडून सुसाट येणारे विद्युतभारित कण सिलिकॉनच्या नखाएवढ्या चकतीवर आदळले की विजेचा बारीकसा ठोका उमटतो. ठोका जितका मोठा, तितकी कणाची ऊर्जा जास्त. पण केवढ्या ठोक्याला केवढी ऊर्जा, हे आधी ठरवावं लागतं आणि पुढेही तपासत राहावं लागतं, वाण्याचा काटा वजनं ठेवून तपासतात तसं. त्यालाच कॅलिब्रेशन म्हणायचं. डिटेक्टर एका परदेशी यानावर बसून मंगळाच्याही पलीकडे गेला. तिथे जाऊन काटा कोण तपासणार?

म्हणून शरदचंद्रांनी सिलिकॉनच्या एकाच तुकड्यातून दोन जुळे डिटेक्टर करून घेतले होते. एक गेला, एक इंदूरला राहिला. तिकडचा जेवढा गारठायचा तेवढाच इकडचा मधुरिमा हवा उपसून काढलेल्या व्हॅक्युम चेंबरमध्ये गारठवायची, त्याने जेवढा किरणांचा मार खाल्ला तेवढा यालाही द्यायची. इकडचा किती मंदावला ते कळलं, की तिकडून आलेल्या आकड्यांत तेवढी दुरुस्ती करायची. यातच तिची ऐन उमेदीची वर्षं गेली. लग्न ठरता ठरता राहिलं. शरदचंद्र निवृत्त झाले, मग त्यांना अर्धांगाचा झटका आला, तरी दर आठवड्याला ती त्यांच्या पलंगाशी बसून आकडे वाचून दाखवायची.

"आपला धाकटा बरा आहे ना?" ते विचारायचे. धाकटा म्हणजे इंदूरचा.

एका सोमवारी सकाळी ती चेंबरपाशी आली तेव्हा तंत्रज्ञ शाम दारातच उभा होता.

"मॅडमजी, काल दुपारी लाइट गेली होती," तो म्हणाला. "पंप बंद पडला, पण चेंबरकडे जाणारा मधला व्हॉल्व नाही लागला. अपने आप लागायला पाहिजे होता."

तिला पुढचं सांगावं लागलं नाही. पंपातलं तेल उलटं चढून चेंबरभर पसरलं होतं. टॉर्चच्या उजेडात चकतीवर इंद्रधनुषी तवंग दिसला. तेलाचा तेवढासा थरही कणांची ऊर्जा खातो, आणि पुसायला जावं तर चकतीचा नाजूक पृष्ठभागच खरवडून निघतो. तो व्हॉल्व बदलून द्या म्हणून तिने कार्यालयाला तीनदा लिहून दिलं होतं. तिन्ही वेळा उत्तर आलं होतं, पुढच्या वर्षी बघू. टॉर्च विझवून ती स्टुलावर बसून राहिली. शामने चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

त्यानंतर यानाकडून येणाऱ्या आकड्यांत जड कण हळूहळू कमी होऊ लागले. तिच्या हाताखाली तयार झालेला प्रणव हरखून गेला. त्याची नोकरी अजून कायम व्हायची होती.

"मॅडम, ट्रेंड साफ दिसतोय. पेपर लिहून टाकू ना."

"ट्रेंड आहे, पण कशाचा? कण खरंच कमी झालेत, की आपला डिटेक्टर म्हातारा झालाय?"

"एरर मोठी देऊ, आकडा एवढा इकडेतिकडे होऊ शकतो म्हणून."

"किती मोठी? आकडा सांग."

प्रणवने पडद्यावरचा आलेख मिटला.

तिने दुसरी वाट शोधली. सूर्यमालेबाहेरून येणारे अतिवेगवान प्रोटॉन चकतीच्या आरपार जातात आणि जाताना ठरावीकच ऊर्जा सोडतात, त्यांनाच वजन मानून काटा तपासायचा. त्यासाठी मूळ ठोके हवे होते, आणि यान तर फक्त गोषवारा पाठवत होतं. तिने यान चालवणाऱ्यांच्या विनवण्या केल्या. त्यांनी एकदाच थोडे ठोके पाठवले. महिनाभर ती त्यावर बसली. डिटेक्टर मंदावला म्हटलं तरी आकडे जुळत होते, आणि नाही म्हटलं तरी जुळत होते.

शेवटी तिने यान चालवणाऱ्यांना कळवलं, की वीज गेली त्या रविवारनंतरच्या एकाही आकड्याची ग्वाही मी देऊ शकत नाही. यानावर वीज मोजकीच होती. ज्या यंत्राचं खरं-खोटं ठरत नाही ते कशाला चालू ठेवायचं, असं तिकडच्यांनी ठरवलं. बंद करायचा आदेश गेला तेव्हा पडद्यासमोर ती एकटीच होती. प्रणवने रजा टाकली होती. आदेश पोचून उलट निरोप यायला दीड तास लागला. तोवर, आदेश पोचण्याआधी यंत्राने धाडलेले आकडे येत राहिले आणि ती सवयीने ते बघत राहिली. मग ओळी थांबल्या.

शरदचंद्रांना सांगणं भाग होतं. त्यांची पत्नी उषाकाकू दारातच हळू आवाजात म्हणाल्या, "आज त्यांची तबीयत नरम आहे. बघ, जमलं तर नको सांगूस."

पण शरदचंद्रांनी तिचा चेहरा वाचला. "बंद केलं?" जड जिभेने त्यांनी विचारलं.

"हो, सर."

"खरंच काही कळत नव्हतं," त्यांनी विचारलं, "की तू थकलीस?"

वर्षानुवर्षं त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला तिच्याकडे आकडा असायचा. आज तिने मनात शोधलं. त्या शेवटच्या महिन्यात अजून एखादी वाट राहिली होती का? असेल. दिसूनही आपण तिकडे वळलो नसू, असंही असेल. आता ते तपासायला काही उरलं नव्हतं.

"माहीत नाही, सर," ती म्हणाली.

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. उषाकाकूंनी पांघरूण सारखं केलं. मधुरिमा उठून बाहेर आली आणि चपला घालून राऊच्या बसकडे चालू लागली. पुढच्या आठवड्यापासून चेंबर दुसऱ्या विभागाला द्यायचा होता. तो रिकामा करायला तिलाच जायचं होतं.